भाषणाला पुरावा हवा!

शेवरीगडच्या रणधवल महाराजांचं दसऱ्याचं भाषण तयार होतं. घोडं अडलं होतं ते पुराव्यापाशी! "माझी प्रजा माझ्यावर प्रेम करते, मला भीत नाही," असं महाराज गेल्या दसऱ्याला भर दरबारात म्हणाले होते. तेव्हा शेजारच्या मुलखाचे पाहुणे राजे विडा चघळत एवढंच म्हणाले, "वा! पुरावा काय?" तो प्रश्न महाराजांच्या घशात वर्षभर माशाच्या काट्यासारखा रुतून बसला होता.

यंदा मात्र महाराजांनी अख्खा दरबार शोधाला जुंपला. राजपंडितांनी डोंगरातून एक अतिप्राचीन शिलालेख आणला. त्यात महाराजांचं नाव होतं, प्रजेचं प्रेम होतं, सगळं होतं. महाराजांनी भक्तिभावाने त्यावर हात फिरवला, तर बोटांना ओला रंग लागला! मग प्रधानजींनी महाराजांच्या प्रेमाने ढसाढसा रडणारी माणसं आणली. ती खरोखरच रडत होती. प्रत्येकाच्या पाठीशी एक शिपाई भाला घेऊन उभा होता ना!

ते पाहून महाराजांवर चवरी ढाळणाऱ्या येसबाला फिस्सकन हसू फुटलं.

"हसलास?" महाराज गरकन वळले. "एवढी अक्कल आहे, तर आता पुरावा तूच आण! दसऱ्याला भर दरबारात हजर कर. नाही जमलं, तर बायकोसकट राज्याबाहेर चालता हो!"

येसबाच्या हातातली चवरी गळून पडली. बाप-आजा याच गावात नांदले, दारातला शेवगा नुकता कुठे शेंगा धरू लागलेला, आणि एका हसण्यापायी सगळं सोडायचं? बिचारा तडक बाजारात गेला आणि दिसेल त्याला विचारू लागला, "महाराजांची भीती वाटते का हो?"

"छे छे! मुळीच नाही!" तेली छातीवर हात मारून म्हणाला. मग वाकून पुटपुटला, "पण माझं नाव कुठे घेऊ नकोस हं, पाया पडतो!"

"भीती? आणि आपल्या महाराजांची?" कोष्टी मोठ्याने हसला आणि हसत हसतच दार लावून आतून कडी घालून बसला. पाटलांनी तर प्रश्न ऐकला, खिडकीबाहेर डोकावून पाहिलं, आणि एकदम पोटात कळ आली म्हणून पांघरूण ओढून घेतलं. अख्ख्या गावात भिणारा एकही नव्हता, आणि तसं दरबारात सांगायची हिंमतही कुणात नव्हती.

संध्याकाळी येसबा घरी आला तो कपाळाला हात लावूनच. त्याची बायको भिवरा कासारीण होती. गावोगाव बांगड्या भरत हिंडायची आणि जिभेला तिच्या हाडच नव्हतं.

"बांधाबांध कर," येसबा म्हणाला. "पुरावा काही सापडत नाही."

"सापडणार कसा? असेल तर सापडेल!" भिवरा म्हणाली. "तो दरबारात तयारच करायला हवा. मी येते."

"तू? अगं, तू तोंड उघडलंस तर राज्याबाहेर कशाला, थेट सुळावर जाऊ!"

"असे लटलट कापणार असाल तर या बांगड्या तुम्हीच भरा. फुकट देते!"

दसरा उजाडला. दरबार भरला. महाराजांचं भाषण सुरू झालं, आणि ते संपेना. पाहुण्या राजांनी दोनदा डुलकी काढली. शेवटी ते ठेवणीतलं वाक्य आलं, "माझी प्रजा मला भीत नाही!" पाहुणे राजे टक्क जागे झाले. "पुरावा?"

महाराजांनी येसबाकडे बोट केलं. येसबा एक पाऊल मागे सरकला. तोवर त्याच्या मागून भिवरा बांगड्यांची टोपली घेऊन थेट सिंहासनासमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, केवढं लांबलचक भाषण हे! पाहुणे घोरत होते, तुमचं लक्ष तरी होतं का? आणि आमच्या नदीवर पूल बांधणार म्हणून दर दसऱ्याला सांगता. भाषणात बांधलेल्या पुलावरून मी पलीकडे जाऊ कशी? कमरेएवढ्या पाण्यातून टोपली नेते. निम्म्या बांगड्या फुटतात! थापा मारायच्या तर निदान दरवर्षी नवीन तरी मारा!"

येसबाने डोळे गच्च मिटून घेतले. महाराज लालबुंद झाले, त्यांचा हात तलवारीच्या मुठीकडे गेला.

"हां हां, महाराज, थांबा!" भिवरा म्हणाली. "तुम्ही मागितलेला पुरावा तो मीच! भिणारी बाई असं बोलली असती का? आता ठरवा. मला शिक्षा केलीत, तर पाहुण्यांसमोर तुमचं भाषण खोटं. हसून सोडलंत, तर शब्दन् शब्द खरा!"

महाराजांचा हात मुठीवरच राहिला. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे राजे विडा चघळायचं विसरून गंमत बघत होते. महाराजांनी कसनुसे ओठ फाकवले आणि म्हणाले, "हा... हा हा!"

"मानलं!" पाहुण्यांनी टाळी वाजवली. "असा पुरावा आमच्या राज्यात नाही बुवा!"

आता महाराजांची छाती फुगली. त्यांनी भिवराला जवळ बोलावून हळूच विचारलं, "खरं सांग, तुला माझी जराही भीती वाटली नाही?"

"वाटली की! पाय अजून कापतायत," भिवराही हळूच म्हणाली. "पण मला तुमची जेवढी भीती वाटते, त्याहून जास्त तुम्हाला या पाहुण्यांची वाटते. त्याच भरवशावर बोलले!"

महाराज असे खदखदून हसले की मुकुट तिरपा झाला! हे हसू मात्र खरं होतं. गळ्यातला कंठा त्यांनी तिच्या टोपलीत टाकला, येसबाची चवरी त्याला परत दिली आणि त्याच दिवशी गवंड्यांना नदीवर धाडलं.

पुढच्या दसऱ्याला भिवरा कोरड्या पायांनी पुलावरून दरबारात आली. तिला दारात पाहताच महाराजांनी भाषण निम्म्यावरच आवरलं!