बाहुलीवाल्याचं चाकांवरचं घर

फार जुनी गोष्ट, बरं का! एक बाहुलीवाला होता, राणबा नावाचा. चाकांवरचं लाकडी घर बैलांना जोडून तो जत्रेजत्रेला जाई. वडिलांच्या हातच्या बाहुल्या त्या घरातच असत. घर गेलं असतं तर पोटावरच पाय आला असता, म्हणून बिचारा सदा धास्तावलेला.

त्याने हातभर लांब पितळी कुलूप घेतलं. साखळी दाराच्या कडीतून, मग चाकातून ओवायची आणि कुलूप ठोकायचं. कुलपावर भारी भरवसा. माणसांवर मात्र काडीचाही नाही. शेजारी कुणी राम राम केला, तरी हा तोंड फिरवायचा.

एका जत्रेत चौथ्या दिवशी नदीवर अंघोळ करताना किल्ली वाहून गेली. खेळाची वेळ झालेली, पोरं मांडी घालून बसलेली, आणि बाहुल्या आत! राणबाने दगडाने कुलूप ठोकून ठोकून हात सोलून घेतले. त्याला रडूच आलं.

शेजारची म्हातारी कासारीण उठली. "सरक बाबा," म्हणाली. तिने केसातला आकडा काढला, कुलपात फिरवला. खट्‌! उघडलं की!

"लुगड्याची गाठ सोडायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो," ती हसली.

पलीकडचा सुतार म्हणाला, "मी तर कुलपाला हातही लावला नसता. कण्याची खीळ काढायची, साखळीचं चाक उतरवून दुसरं घालायचं आणि बैल जुंपायचे. घर चाललं."

राणबाचा चेहरा पांढराफटक पडला. "मग मावशी, तीन दिवस माझं घर कुणी नेलं कसं नाही?"

"नेत होता की एक जण. परवा तू बाजारात गेलास, तेव्हा चाकाशी वाकला होता. आम्ही दोघांनी ओरडून पळवला. तू आल्यावर सांगायला आले, तर तू दार लावून घेतलंस."

राणबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने म्हातारीचे पाय धरले. मग काय, खेळ असा रंगला की पोरं हसून हसून लोळली, आणि सगळ्यांच्या पुढे बसले होते कासारीण आणि सुतार.

त्यानंतर राणबा कुठल्याही जत्रेत गेला की आधी शेजाऱ्यांना भाकरीला बोलवायचा, कुलूप मागाहून लावायचा. त्याचं घर शेवटपर्यंत शाबूत राहिलं, आणि तो निर्धास्त झोपायलाही शिकला.

तात्पर्य: कुलूप चोराला घडीभर अडवतं, घर राखतात ती शेजारची माणसं.