वाढता खुंट

फार फार मागची गोष्ट. नदीला अजून नावही मिळालं नव्हतं, तेव्हाची. तिच्या काठच्या उतारावर उसाचं एक गाव होतं. तिथली रीत अशी, की नवं शेत धरलं की बाभळीचा खुंट खडक लागेपर्यंत ठोकायचा आणि नुसतं डोकं वर ठेवायचं.

दर पावसाळ्यानंतर तो खुंट बोटभर वर आलेला दिसे. "वाढला, देव वाढला!" म्हणत लोक त्याला शेंदूर फासत. ज्याचा खुंट सगळ्यांत उंच, त्याला जत्रेत पहिला मान. तो मान पाटलांचा. तोडलेलं लाकूड कधी वाढतं का? पण मान मिळत असला की असले प्रश्न कुणाला पडत नाहीत.

त्या गावात येसा नावाची एकटी बाई राहायची. शेताच्या त्या तुकड्याशिवाय तिला कुणी नव्हतं. तिचाही खुंट वाढत होता, ऊस मात्र दरवर्षी बुटका होत होता. त्याचं तिला फार वाईट वाटे.

एका दुपारी बांधावर तिचा डोळा लागला. उन्हात सगळं शेत तरंगायला लागलं. खुंटावर एक टिटवी बसली होती.

"येसाबाई, खुंट वाढत नाही गं," टिटवी म्हणाली. "तुझी जमीन खाली चाललीय. ऊस तुटला की वाळली पानं जाळता, सऱ्या सरळ उताराला सोडता. मग पाऊस मातीला घेऊन नदीवर जातो."

"किती उरलीय?"

"उकरून बघ."

जागी होऊन येसानं खुंटाशी उकरलं. चार बोटांवर खडक लागला. म्हणजे चारच पावसाळे!

त्या वर्षी तिनं वाळल्या पानांचं पाचट पेटवलं नाही, शेतभर पसरून ठेवलं. सऱ्या उताराला आडव्या वळवल्या. बांधावर माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावलं. पुढच्या वर्षी तिचा खुंट वाढलाच नाही.

"देव कोपला तुझ्यावर," पाटील म्हणाले. "शेताचा पार उकिरडा केलास!"

"कोपू दे, पाटील. माती तरी घरची घरात राहिली."

जत्रेत तिला कुणी बोलावलं नाही. येसा घरी बसून रडली, पण पाचटाला काडी काही लावली नाही.

चौथा पावसाळा सरला. पाटलांचा खुंट कधी नव्हे इतका उंच झाला. लोक वाजतगाजत गेले. पाटलांनी हार घातला आणि खुंट हारासकट आडवा झाला. खाली उघडा खडक होता.

पाटील खालमानेनं येसाच्या बांधावर आले. तिचा ऊस डोक्याच्या वर गेला होता.

"येसा, वाळ्याचे दोन ठोंब देशील?"

"देईन की," येसा हळूच म्हणाली. "पण पाटील, लावाल कशात?"

तात्पर्य: पायाखालची माती सरकते तेव्हाच आपण उंच झाल्याचा भास होतो, म्हणून मान मोजण्याआधी माती मोजावी.