बाहेरचं सामान

"...मग बांधायचं का बदलायचं, आण्णा? तेवढं एकदा सांगून टाका."

विचारता विचारता जालिंदरने बाकडं पुढे केलं. शिदू आण्णा त्यावर टेकले आणि खांद्यावरच्या टॉवेलने चष्मा पुसत राहिले. पुसून झाल्यावर तो डोळ्यांवर न चढवता त्यांनी खिशात ठेवला.

जालिंदरला ते खटकलं. खोललेलं इंजिन समोरच फळ्यांवर मांडलं होतं. ते बघायलाच तर म्हाताऱ्याला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं होतं.

ट्रकचं जुनं इंजिन खोलून नव्याने बांधावं तर शिदू आण्णांनीच, असं पेठ नाक्यावर बोललं जायचं. आण्णांचे हात थरथरू लागले तसं गिऱ्हाईक त्यांच्या या चेल्याकडे वळलं. जालिंदरने स्वतःचं गॅरेज टाकलं, पाटीवर नावापुढे 'मिस्त्री' लिहून घेतलं आणि मानेला किंचित ताठा आला. तेवढा कुणालाही येतो.

सर्जेरावचा ट्रक क्रशरवरून खडी वाहायचा. त्याचं इंजिन म्हणजे जालिंदरने एकट्याने बांधलेलं पहिलं इंजिन. वर्ष पुरतं सरलं नाही तोच ते ऑइल प्यायला लागलं आणि चढाला धापा टाकू लागलं. आता नाक्यावरच्या चहाच्या टपरीत एकच विषय होता. इंजिन म्हातारं झालं, की जालिंदरचा हात कच्चा?

आण्णांनी 'बदला' म्हटलं की विषय मिटणार होता. दोष इंजिनाच्या माथी गेला असता आणि पाटीवरचं नाव शाबूत राहिलं असतं. जालिंदरला तो एकच शब्द हवा होता.

"लायनरला आतनं झिजून पायरी पडलीय," तो म्हणाला. "नख फिरवलं तर अडकतंय. पिस्टनच्या रिंगा पार झिजल्यात. इंजिनाच्या ब्लॉकातच दम राहिला न्हाई."

"व्हय."

"आन् हल्लीचं सामान तरी पयल्यासारखं कुठं येतंय?"

"न्हाईच येत."

"ह्यो सर्जेराव बी गाडी भरतोय कशी, बघा की. टायरं बसत्यात खाली."

दारात उकिडवा बसलेल्या सर्जेरावने मान खाली घातली. गाडी बंद पडल्यापासून तो रोज येऊन असाच बसत होता.

"व्हय," आण्णा म्हणाले.

जालिंदरला बरं वाटलं. म्हाताऱ्याला सगळं पटत चाललं होतं.

"ह्याच्या आदी हे इंजिन कुणी बांधलं हुतं?" आण्णांनी विचारलं.

"तुमीच की."

"ते किती चाललं?"

"लई वर्सं चाललं."

"गाडी तवा बी खडीच वाहत हुती?"

"...व्हय."

"ब्लॉक ह्योच?"

हातातला पाना जालिंदरने उगाचच फडक्याने पुसायला घेतला.

आण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले. मांडलेल्या इंजिनाला त्यांनी वळसा घातला, त्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते शेडच्या कोपऱ्यात गेले. इंजिन उतरवताना काढून टाकलेलं सामान तिथे ढिगाने पडलं होतं. रेडिएटर, पंखा, एअर क्लीनरचा डबा. त्या ढिगातून त्यांनी एक जाड रबरी पाईप ओढून काढला. क्लीनरमध्ये गाळलेली हवा इंजिनाला पोचवायची, एवढंच त्याचं काम.

आण्णांनी तो हातात धरून वाकवला. खालच्या अंगाला तो वीतभर फाटलेला होता. फाटल्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळली होती. वाकवल्यावर पट्टी सरकली आणि फट उघडी पडली.

"ह्यो कुणी बसवला?"

जालिंदरने सर्जेरावकडे बघितलं. सर्जेराव उठून उभा राहिला.

"मीच. मिस्त्रीच म्हणले, इंजिन माझं काम हाय. पाईप-बिईप बाहेरचं सामान तुझं तू चढव."

तसं जालिंदर म्हणाला होता खरा. चार माणसं ऐकत असताना, हात पुसत पुसत म्हणाला होता. आण्णांच्या हाताखाली असताना असले पाईप त्यानेच चढवले होते, आणि प्रत्येक पाईप आतून-बाहेरून चाचपूनच. पाटीवर मिस्त्री लागलं आणि ते काम हलकं वाटायला लागलं.

कुंकू मात्र त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने लावलं होतं. आण्णांचा तसा रिवाज होता. बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी मिस्त्रीने त्याला कुंकवाचं बोट लावायचं. इतकी वर्षं चेल्याला कुंकवाच्या डबीला हातही लावायला मिळाला नव्हता. म्हणून जालिंदरला घाई होती ती कुंकवाची.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर्जेरावकडे बघायचा धीर होईना.

"चुकलं माझं," तो म्हणाला. हे तो सर्जेरावला म्हणाला की आण्णांना, ते त्यालाही कळलं नाही.

सर्जेराव पुन्हा दारात टेकला. बाहेर हायवेवरून गाड्या जात होत्या.

"पर आण्णा, गाडी तर रस्त्यावर आणायला पायजे. आता तरी सांगा... बांधू का बदलू?" जालिंदरने विचारलं.

आण्णांनी पाईपच्या तोंडात बोट घातलं आणि आतल्या अंगाने गोल फिरवलं. बोट बाहेर आलं ते खडीच्या धुळीने राखाडी होऊन. पिठासारखी बारीक धूळ होती; फटीतून शिरून इतके महिने तीच इंजिनाला आतून घासत होती.

ते जालिंदरजवळ आले. त्यांचा हात थरथरत होता. दुसऱ्या हाताने त्यांनी जालिंदरची हनुवटी धरली आणि ते बोट त्याच्या कपाळावर खालून वर ओढलं. प्रत्येक इंजिनाला ओढायचे, तसंच सरळ.

"पूजा झाली," आण्णा म्हणाले. "आता बांध न्हाईतर बदल, कुठलंबी इंजिन चालंल."