मानाचा नारळ

समुद्राचं पाणी अजून नीट खारटही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. आम्ही प्लवक, म्हणजे पाण्यावरचे हिरवे ठिपके. ना पर, ना शेपूट. पाणी नेईल तिकडे जाणं, एवढीच आमची कर्तबगारी.

नारळी पौर्णिमेला कोळ्यांनी वाहिलेला नारळ तरंगत आला. मान कुणाचा, यावरून भांडण जुंपलं.

"माझा आकार बघा," देवमासा म्हणाला.

"आणि माझी चमक?" सुरमईनं विचारलं. मग आमच्याकडे बघून नाक मुरडलं. "आधी ही घाण खाली ढकला. सभेची शोभा जाते."

देवमाशानं शेपटीच्या एका फटक्यात आम्हाला तळाच्या अंधारात पाठवलं. विरोध कसला करणार? आम्हाला मुठीसुद्धा वळता येत नाहीत.

उन्हावाचून आम्ही कोमेजलो. आम्ही नाही म्हणून आम्हाला खाणाऱ्या छोट्या तारल्या मासळ्या उपाशी, तारल्या रोडावल्या म्हणून सुरमई उपाशी. देवमासा श्वास घ्यायला वर गेला, तर आम्ही उन्हात बसून सोडतो ती हवाही पुरेना.

"अहो, वर चला! नारळ तुमचाच!" धापा टाकत त्यानंच आम्हाला वर आणलं.

आम्ही ऐटीत नारळाभोवती जमलो. आमचे अध्यक्ष भाषणाला उभे राहणार, तोच भुकेल्या तारल्यांचा घोळका आला आणि अध्यक्षांसकट निम्मी सभा गिळून गेला.

नारळाला मात्र कुणी तोंडही लावलं नाही.