बोरदऱ्याच्या अर्ध्या ओळीचा खडक

शाळेमागचा हा काळा खडक दिसतो ना, त्यावर बसू नका. मागच्या पाहुण्यांनाही उठवलं होतं. हा देव नाही, इथे शेंदूर-नारळ काही नसतं. वाकून पाहा, मधोमध अक्षरं कोरलेली आहेत : 'पाऊस येवो न येवो'. पुढे काही नाही. एक शिकलेले साहेब आले होते, म्हणाले, उरलेला तुकडा फुटून गेला असणार. काहीएक फुटलेलं नाही. ओळ अर्धीच आहे. मी नरहरी धोंडी कुंभार. ही गोष्ट आमच्या घरावरून गेलेली आहे, म्हणून पाहुण्यांना ती सांगायची ती आम्हीच.

असं सांगतात, की फार पूर्वी ही खिंड ओलांडून मलय्या नावाचे जंगम स्वामी आले आणि त्यांनी इथे पाचटाचं छप्पर घालून शाळा मांडली. कुंभाराची, माळ्याची, धनगराची, सगळ्यांची लेकरं एका ओळीत बसायची आणि धूळपाटीवर बोटानं अक्षरं काढायची. स्वामींची एक रीत होती. संध्याकाळी शाळा सुटताना ते या खडकावर चुन्यानं एक ओळ लिहायचे, पण अर्धीच. उरलेली सकाळी. पुढे काय असेल या ओढीनं लेकरं उजाडताच पळत यायची. सणाची सुट्टी असली तर मात्र आदल्या संध्याकाळी ओळ पुरी करून टाकायचे. अर्धी ओळ म्हणजे उद्या शाळा, पुरी ओळ म्हणजे सुट्टी. मुलांना हे पक्कं ठाऊक होतं. मोठ्यांना ठाऊक नव्हतं. वाचता येत होतं कुणाला?

तो समोरचा पांढऱ्या मातीचा ढिगारा म्हणजे जगदेवरावाची गढी. गढीचा तट बांधायला दर घरटी एक माणूस आठ दिवस वेठीला द्यावा, असा वरून हुकूम आला होता. गढीचा कारकून चावडीवर तो वाचताना महिनाभर म्हणून वाचायचा, आणि माणसं महिना महिना दगड वाहायची. एकदा तो असाच वाचत असताना मागे उभा राहिलेला नऊ वर्षांचा म्हादू म्हणाला, "आठ रोज लिवलंय की." म्हादू आमच्या घरातला, धुरपदाबाईचा एकुलता. चावडी हसली. जगदेवरावाला वेठ बुडाल्यापेक्षा ते हसणं जास्त झोंबलं म्हणे.

मग सुरू झालं. आधी स्वामींचा बैल शाळेच्या दारात खूर तोडून टाकलेला सापडला. चार दिवसांनी धूळपाट्या फोडल्या. नंतर एका धनगराला शाळेच्या मेढीला बांधून आसूड ओढले, कारण त्याची दोन पोरं शिकत होती. त्याच्या पाठीचं कातडं सोलून निघालं, आणि पोरं समोर उभी होती. तेव्हापासून घराघरांत लेकरं विचारू लागली, उद्या शाळा आहे का? आईबाप म्हणायचे, आहे आहे, गप जेव. कुणी म्हणे, काही होत नाही रे. लेकरं काही आंधळी नव्हती. त्यांना रक्त दिसत होतं आणि कानावर 'काही होत नाही' येत होतं. भीतीपेक्षा हे वाईट, असं आमचे आजोबा म्हणायचे, आणि मला ते पटतं.

एका संध्याकाळी शाळा सुटून मुलं घरी गेल्यावर गढीचा स्वार चार मोठ्या माणसांना सांगून गेला : उद्या उजाडताना शाळा जाळणार, आत सापडेल तो मरणार. गाव स्वामींच्या पाया पडलं, निघून जा म्हणालं. स्वामींनी ऐकलं नाही. "शाळा मोडायला आलेल्यांना ती रिकामी सापडली तर ते परत परत येतील," असं त्यांचं म्हणणं. "मी आहे इथं. लेकरांना मात्र घरी ठेवा. आणि का ठेवलंय ते त्यांना खरं खरं सांगा."

गावानं अर्धं ऐकलं. पहाटे अकराच्या अकरा लेकरांना धान्याच्या पेवांत उतरवलं. पेव म्हणजे जमिनीखालचा खड्डा, आमच्याकडे त्यात ज्वारी साठवायचे. सोबत भाकरी दिली. पण खरं सांगायला जीभ रेटेना. धुरपदाबाईनं म्हादूला सांगितलं, "आज सुट्टी हाय शाळेला. लपाछपी खेळतोय आपण. हाक मारल्याबिगर वर यायचं न्हाई." सगळ्या आयांनी हेच सांगितलं. मग दारं लावून मोठी माणसं घरात बसली, कोयते मांडीवर घेऊन.

मुलांना ठाऊक होतं की आई खोटं बोलतेय. खडकावर ओळ अर्धी होती. सुट्टी असती तर स्वामींनी ती पुरी केली असती. म्हादू आधी वर आला, त्यानं बाकीच्यांना काढलं, आणि अकराही जणं गावामागच्या ओढ्यातून शाळेत जाऊन बसली. स्वामी त्यांना पाहून ओरडले म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा. पण तोवर घोडी आली होती.

बावीस स्वार होते. स्वामी दारात आडवे झाले. पहिल्या घावाला त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला. लिहायचे ते त्याच हातानं. ते डाव्या हातानं दाराची मेढ धरून उभे राहिले. दुसरा घाव मानेवर बसला. छपराला पलिते लागले, वाळलं पाचट ते, भडकायला किती वेळ लागतो? म्हादूनं मागचा कूड लाथांनी फोडला आणि एकेका पोराला बाहेर ढकललं. दहा बाहेर पडली. अकरावा तो स्वतः होता. तो बाहेर आला तेव्हा स्वार वळसा घालून मागच्या बाजूला आले होते. भाला पाठीतून शिरून छातीतून निघाला.

धूर पाहून गाव धावलं. धुरपदाबाई मुसळ घेऊन सगळ्यांच्या पुढे होती. पेवाजवळून जाताना तिला उघडं तोंड दिसलं होतं, तेव्हाच ती समजली. भालेवाल्याला तिनं घोड्यावरून ओढलं आणि त्याचं तोंड ओळखू येईना तोवर मुसळ थांबलं नाही. कुऱ्हाडी, कोयते, मुसळं, गोफणी, हाताला येईल ते. ओढा तीन दिवस तांबडा वाहिला असं सांगतात. बावीसातला एकही परत गेला नाही. दुपारपर्यंत गाव गढीवर चढलं आणि जगदेवरावाला त्याच्याच तटावरून खाली फेकलं. गढी आठ दिवस जळत होती.

संध्याकाळी वाचलेली दहा लेकरं खडकाजवळ बसली होती. त्यातल्या एका मुलीनं विचारलं, उद्या शाळा आहे का? कुणीतरी सवयीनं 'आहे गं बाई' म्हणायला लागलं. धुरपदाबाईनं त्याला थांबवलं. तिच्या लुगड्यावर मुलाचं रक्त होतं. ती म्हणाली, "मला ठावं न्हाई. स्वामी गेला. शिकवणारं कुनी न्हाई. उद्याचं मला ठावं न्हाई, लेकी. पर सकाळी मी इथं येऊन बसते तुमच्यासंगं."

आणि ती आली. तिच्यामागे बाकीचे आले. लेकरांना येत होतं तेवढंच लेकरं गिरवत राहिली, मोठी माणसं मागे बसून राहिली. चार महिने असं चाललं, मग पलीकडच्या गावचा एक मास्तर मिळाला. खडकावरची चुन्याची अर्धी ओळ पाथरवटानं कोरून ठेवली. पुढचं अर्धं स्वामींनाच ठाऊक होतं. कुणी म्हणालं, आपण जुळवून घालू. धुरपदाबाई नको म्हणाली. जे ठाऊक नाही ते मुलांपुढे ठोकून द्यायचं नाही, ही तिची आण, आणि ती या गावानं मोडलेली नाही.

म्हणून आजही शाळेबद्दल काही वावगं कानावर आलं की आमच्याकडे आधी मुलांना बोलावून सांगतात. जेवढं माहीत तेवढं, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून. मग कामं टाकून मोठी माणसं वर्गात मागे जाऊन बसतात. गेल्या सोमवारी कागद आला. पट कमी, शाळा बंद करण्याचं विचाराधीन आहे. माझ्या नातीनं विचारलं, "आबा, राहील का हो शाळा?" मी म्हणालो, माहीत नाही गं. ती म्हणाली, "मग तुम्ही सरकून बसा, काल माझ्या पाटीवर पाय दिला तुम्ही."

चला, दहाची घंटा होईल, मला निघायला हवं. पटावर नऊ पोरं आहेत. मागे बसणारे आम्ही एकशे चाळीस.