दोर कुणाच्या हाती?

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आश्रमाची विहीर गाळाने भरून आली. विहीर बारा परस खोल, म्हणजे एकावर एक बारा पुरुष उभे केले तर शेवटच्याचे डोके काठाला लागावे एवढी. वैशाख तोंडावर आला होता. आश्रमातली साठ माणसे आणि वाडीतली सगळी गुरे त्याच पाण्यावर जगत होती, तेव्हा गाळ काढल्यावाचून गत्यंतर नव्हते. पण त्या कामाचे नाव काढले की माणसे विषय बदलत. अकरा वर्षांपूर्वी गाळ काढायला एक जण आत उतरला होता, आणि वर आले ते त्याचे प्रेत.

आश्रमाच्या वृद्ध आचार्यांनी माणसे नेमण्याचे काम श्रीकर नावाच्या शिष्यावर सोपवले. श्रीकर हुशार होता, अक्षर मोत्याचे दाणे. अशा माणसांना कागदाचा भारी सोस असतो; मला ठाऊक आहे, मीही त्याच पंगतीतला.

विहिरीच्या कामात सर्वांत जोखमीचे काम दोर धरणाऱ्याचे. मागे ओढायला चार गडी असतात, पण कधी सोडायचे, कधी थांबायचे, कधी ओढायचे हे काठावर उभा राहून तोच सांगतो. खाली उतरलेल्याचा जीव त्याच्या मुठीत असतो. पाळीपाळीने काम करायला असे तिघे हवे होते.

श्रीकर चिंचेखाली बैठक घालून बसला. समोर येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा पहिला प्रश्न एकच, "सनद आहे?" नसेल तर पुढचा.

सटवा नावाचा पन्नाशीचा एक माणूस आला. उन्हाने रापलेला, एका पायाने किंचित लंगडा. "सनद आहे?" श्रीकरने विचारले.

"ती कशी असती?" सटवा म्हणाला.

श्रीकरला हसू आवरेना. "बाबा रे, घरी जा," तो म्हणाला. सटवा घरी गेला नाही. तो विहिरीच्या काठाशी जाऊन बसला, तिथे पडलेला दोर त्याने मांडीवर घेतला आणि बोटांमधून हात हात पुढे सरकवत राहिला. रिकामटेकड्याला काही तरी चाळा हवाच, असे श्रीकरच्या मनात आले.

मग नरसोपंत आले. राजधानीच्या शिल्पशाळेची सनद, खाली ठसठशीत मुद्रा, अठरा गाठींची नावे तोंडपाठ, आणि कुठल्या खोलीवर माणूस किती घटका टिकतो याचे कोष्टक काखेत. श्रीकरने त्यांचे नाव यादीत सर्वांत वर लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने यादी आचार्यांपुढे ठेवली. आचार्यांनी ती सावकाश वाचली. "उत्तम," ते म्हणाले. "आता धोतर खोच आणि कमरेला दोर बांध. पहिल्यांदा तू उतरायचेस."

"मी? गुरुजी, उतरणारे गडी वेगळे आहेत."

"ते नंतर. आधी तू. आणि त्या अपघातापासूनची आपली रीत तुला ठाऊक आहे. दोर कुणी धरायचा, हे उतरणाऱ्याने सांगायचे असते. तुझी यादी मी खोडत नाही. हवे तर त्यातलेच नाव सांग."

आजूबाजूची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. आचार्यांच्या या बोलण्याचा अर्थ कुणालाच लागेना.  श्रीकर काठाशी गेला आणि त्याने वाकून पाहिले. आतून गार, कुजकट वास अंगावर आला. तळ दिसत नव्हता. अकरा वर्षांपूर्वीचा तो माणूसही इथेच उभा राहिला असेल, इथूनच त्याने खाली पाहिले असेल, असे मनात आले आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

त्याने नरसोपंतांकडे पाहिले. काल त्याने त्यांची सनद पाहिली होती. आज पहिल्यांदा हात पाहिले. गोरे, मऊ, एकही घट्टा नसलेले.

"पंत, याआधी किती जणांना उतरवलंत?"

"परीक्षेत उतरवलं होतं," नरसोपंत म्हणाले. "वाळूचं पोतं."

"आणि माणूस?"

नरसोपंत कपटी नव्हते. त्यांनी मान खाली घातली. "माणूस नाही. खोटं कशाला सांगू?"

श्रीकरला दरदरून घाम फुटला. तो चहूकडे पाहू लागला, आणि बुडत्याची नजर जशी फिरते तशी त्याची नजर सटवावर जाऊन थांबली. कालपासून दिसत असलेल्या गोष्टी त्याला आत्ता उमगल्या. दोर दोन ठिकाणी झिजला होता. सटवाने तेवढा भाग कापून पुन्हा जोड दिला होता. या क्षणी तो काठाचा एकेक दगड टाचेने ठोकून पाहत होता. एका टोपलीत पेटता दिवा ठेवून त्याने तो तळापर्यंत सोडला होता, आणि दिवा विझला नव्हता, म्हणजे तळाशी हवा चांगली होती. यातले एकही काम त्याला कुणी सांगितले नव्हते.

"सटवा," श्रीकर म्हणाला. "तू धरशील?"

सटवाने लगेच होकार दिला नाही. जवळ येऊन त्याने श्रीकरचे तोंड न्याहाळले. "भ्या वाटतंय का?"

"फार."

"मंग बरं हाय. न भिणाऱ्याला मी खाली सोडत न्हाई." त्याने श्रीकरच्या कमरेचा दोर सोडला आणि काखेखालून छातीशी बांधला. "कमरंला बांधलेला मानूस शुद्ध हरपली की उलटा व्हतो. आता ऐका धाकलं महाराज, आत गेल्यावर माझ्याशी बोलत ऱ्हायाचं. मी इचारीन, तुमी सांगायचं. गप बसायचं न्हाई."

श्रीकर उतरू लागला. वरचे आभाळ परातीएवढे झाले, मग वाटीएवढे. हातापायांना गारठा चढला. एक दगड निखळून कानाजवळून गेला, आणि खाली पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की त्याने डोळे गच्च मिटून घेतले. "देवा, मला वर ने," तो पुटपुटत होता.

"काल काय जेवला?" वरून सटवाचा आवाज आला.

"आमटी-भात."

"आमटी कशाची?"

"तुरीची."

"कुनी रांधली?"

"काशीबाईंनी!" श्रीकर जवळजवळ ओरडला. असल्या प्रसंगी हा माणूस आमटीची चौकशी काय करतो! पण त्या आवाजाखेरीज त्याला धरायला दुसरे काही नव्हते.

पाय गाळाला लागले. त्याने बरोबर आणलेले फावडे मारले. दुसऱ्या-तिसऱ्या फावड्याला गाळातून बुडबुडे वर आले. मग त्याला बरे वाटू लागले. अंग हलके झाले, डोळे जड झाले आणि भीती पार निघून गेली. तुम्ही म्हणाल, सुटला बिचारा. अहो, तीच घटका सर्वांत भयंकर होती!

"आमटी कशाची म्हनला?" वरून प्रश्न आला.

"काशीबाईंची."

सटवाच्या कपाळावर आठी पडली. "गुडघ्यापत्तुर गाळ हाय का कमरंपत्तुर?"

"तुरीची," खालून संथ उत्तर आले.

"ओढा!" सटवा गरजला.

"अजून पाव घटका आहे," नरसोपंत म्हणाले. "कोष्टकात स्पष्ट..."

"त्याची जीभ जड झाली! ओढा म्हन्तो ना! पंत, तुमीबी धरा!"

आणि पंतांनी कोष्टक टाकून दोर धरला. श्रीकर वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि नरसोपंतांचे तळहात सोलवटून निघाले होते. पाणी मारले, पाठ चोळली, तेव्हा कुठे त्याला खोकला आला. त्याने सटवाचे मनगट धरले ते कितीतरी वेळ सोडले नाही. चारचौघांत तो लहान मुलासारखा रडला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

तिसऱ्या प्रहरी तो आचार्यांकडे गेला. तो संतापला होता. "गुरुजी, आपण मला मरायला पाठवलं होतं का?"

आचार्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "दिवा जळत होता म्हणून मी निर्धास्त राहिलो," ते म्हणाले. "गाळाच्या पोटात विषारी हवा कोंडलेली आहे हे मला कळले नाही, सटवाला कळले. ती चूक माझी. आणि ही पहिली नव्हे. अकरा वर्षांपूर्वी दोर धरणारा मीच नेमला होता. त्याची सनद खरी होती, अक्षर इतके सुंदर की मी ती ओसरीवर बसून दोनदा वाचली. खाली मला उतरायचे नव्हते ना! उतरला तो आपला गुराखी भैरू. बाळ, दुसऱ्याचा जीव ठेवायचा असला की आपल्याला कागद पुरतो. स्वतःचा ठेवायची वेळ आली की माणूस हात बघतो. हे मी तोंडाने सांगितले असते, तर तू छान अक्षरात उतरवून घेतले असतेस."

"आणि मी पंतांचंच नाव घेतलं असतं तर?"

"तर तुला उतरू दिले नसते. पण सकाळपासून मीही भ्यालो आहे, तेवढे खरे."

 श्रीकरने वाकून नमस्कार केला.

दोर धरणारे आणखी दोघे नेमायचे होते. दोन दिवसांनी विहिरीपाशी पुन्हा माणसे जमली, काहींच्या हातात सनदा होत्या, काहींचे हात रिकामे होते. श्रीकरने त्या सनदा नीट बाजूला ठेवायला सांगितल्या. काखेखालून दोर बांधून घेतला, आणि प्रत्येकाला म्हणाला, "तीन परस उतरव मला." बाजूला सटवा उभा होता. असा तो पाच वेळा उतरला. नरसोपंतांना त्याने सटवाच्या हाताखाली शिकायला ठेवले, आणि पंत आनंदाने राहिले.

पाचव्या वेळी दोर बांधताना समोरच्या उमेदवाराने काळजीने विचारले, "महाराज, तुमचे हात किती थरथरताहेत! तुम्ही वरच थांबा, मी पोतं उतरवून दाखवतो."

"थरथरू देत," श्रीकर म्हणाला. "ते थांबले, तर मी पुन्हा सनदच वाचीन."