भुकेचा चोर

माणसांनी घरांना दारं लावायला सुरुवात केली नव्हती, तेव्हाची गोष्ट. करंजाच्या ढोलीत एक साळुंकी राहायची. तिचं पिल्लू तिनं आणलेलं काही खाईना. ती कधी आळी, कधी टोळ आणायची, पिल्लाची चोच उघडून पार घशापर्यंत कोंबायची आणि वर दरडावायची, "गीळ मुकाट्यानं!" पिल्लू थुंकून टाकायचं.

तरी पोर वाळत नव्हतं. साळुंकीला शंका आली. एकदा तर ढोलीत टोळाची अर्धी तंगडी सापडली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कोणीतरी आपल्यामागे याला चारतंय, याची भूक चोरतंय!

खोडावर सरडा मान हलवत बसला होता. "भावजी, हे तुमचंच काम ना?"

"वहिनी, मला टोळ मिळाला तर मीच नाही का खाणार?"

तिला पटलं नाही. चाऱ्याला जाते असं सांगून ती समोरच्या फांदीआड दडून बसली.

ढोलीकडे कोणीच फिरकलं नाही. थोड्या वेळानं पिल्लू उठलं. सकाळी थुंकलेली आळी त्यानं उलटीसुलटी केली, पाडली, पुन्हा उचलली आणि चवीनं खाल्ली. साळुंकी हरखून झेपावली. तिच्या पंखांचा आवाज येताच पिल्लानं चोच घट्ट मिटली आणि ते कोपऱ्यात सरकलं.

"चोर सापडला का, वहिनी?" सरड्यानं विचारलं.

"सापडला," साळुंकी पुटपुटली. तिनं खोडावरचा एक किडा टिपला, ढोलीच्या तोंडाशी ठेवला आणि पाठ करून पिसं साफ करत बसली. मागे हलकीशी खुडबुड झाली. तिनं मान वळवली नाही.